एक काना कमी

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या ऑफिसात कॉम्प्युटरची सगळी सिस्टीम बदलली. त्या दिवशी ती घरात शिरली तीच पर्स आपटत. कालपर्यंत डावीकडे असलेलं बटण आज उजवीकडे गेलंय, ठेवलेली फाइल सापडत नाही, दहा मिनिटांच्या कामाला दीड तास लागतो, आणि वर साहेब म्हणतात, सोपं आहे. मी तिच्यापुढे चहा ठेवला आणि हसत बसले. तिला राग आला. "तुला काय कळतंय आई त्यातलं," म्हणाली. त्यातलं मला काही कळत नाही हे खरं. पण हाताला सवय झालेली वस्तू एका सोमवारी उचलून नेतात आणि तिच्या जागी भलतीच आणून ठेवतात, तेव्हा माणूस कसा वेडापिसा होतो, हे मला तिच्यापेक्षा जास्त कळतं. माझी तर त्यात नोकरीच जायची होती. नोकरी गेली असती तर हिचा बापही दुसराच कुणी झाला असता, पण एवढं सगळं मी तिला चहावर सांगितलं नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. कुठली कचेरी ते सांगत नाही, तिथले काहीजण अजून पेन्शन घेतात. मोठ्या दुष्काळाचं साल नुकतंच मागे पडलं होतं. माझं माहेर दुधनीचं. घरात कानडी, दारात मराठी, आणि माझ्या बोटांत इंग्रजी. ही इंग्रजी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, एका गमतीच्या हिशोबानं शिकवली होती. मुलगी टायपिंगची परीक्षा पास आहे म्हटलं की स्थळ चांगलं येतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्यांनी मला सोलापुरात मावशीकडे ठेवलं. मी पास झाले, पण स्थळाच्या आधी नोकरीच आली. अप्पा कात्रीत सापडले. शेवटी त्यांनी मुदत घातली. "येत्या दिवाळीपर्यंत पक्की झालीस तर नोकरी कर. नाही झालीस तर मुकाट्यानं घरी यायचं आणि आम्ही दाखवू त्या मुलाशी लग्न करायचं." मुलगा ठरल्यासारखाच होता. गावातच आडत दुकान, एकुलता एक. तो मला आवडत नव्हता असं नाही, मी त्याला पाहिलंच नव्हतं. मला माझी खुर्ची आवडत होती.

आणि का आवडू नये? मिनिटाला पन्नास शब्द मारायची मी. ओळ संपली की मशीनची घंटा वाजायची आणि मला वाटायचं, शाबासकीच दिली. आमचे हेडक्लार्क, त्यांना सगळे अण्णा म्हणत, घरी तेलुगू बोलायचे आणि कचेरीत जमेल तेवढं इंग्रजी. अर्जाची सुरुवात कशी करावी, शेवट कसा करावा, हे त्यांना तोंडपाठ होतं. मला म्हणायचे, "बाई, ड्राफ्ट इंग्लिशमध्ये असला की चूकपण शोभून दिसते." त्यांच्यामुळे मी स्वतःला फार मोठी समजायला लागले होते. कचेरीतल्या शिपाईमामांशीही मी जरा मान वर करूनच बोलायची. खोटं कशाला सांगू.

तर एका सोमवारी माझं मशीन टेबलावर नव्हतं. त्या जागी तसंच काळं, तसंच जड, दुसरं मशीन होतं आणि त्याच्या बटणांवर मराठी अक्षरं होती. सोबत हुकूम होता. यापुढे सगळा कारभार मराठीत, आणि जे टायपिस्ट तात्पुरते आहेत त्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, त्याशिवाय कायम करणार नाहीत. परीक्षा दिवाळीच्या तोंडावर होती. अण्णांनी हुकूम दोनदा वाचला, चष्मा काढला आणि मला इंग्रजीत सांगितलं की आता आपलं राज्य संपलं.

मला वाटलं, त्यात काय, मराठी तर येतं आपल्याला. बसले आणि दणादण सुरुवात केली. कागदावर जे उमटलं ते वाचून शिपाईमामा गंभीरपणे म्हणाले, "बाई, ह्ये कुटल्या देवाचं हाय?" इंग्रजीत शंभरदा लागतो तो 'द', त्याची टी, एच, ई ही तीन बटणं माझी बोटं सवयीनं मारायची, आणि मराठी मशीनवर त्याचं 'जीम' व्हायचं. पहिल्या आठवड्यात माझा एक कागद असा गेला नाही की ज्यात चारदोन जीम नव्हते. कचेरीत मला जीमबाई म्हणायला लागले. मी मुळातली तोंडाळ, प्रत्येकाला उत्तर द्यायची, आणि उत्तर देता देता आणखी चुका करायची. पन्नास शब्दांची राणी मिनिटाला सहा शब्दांवर आली. मावशीकडे जाऊन मी पालथी पडून रडले आणि मग उठून दोन कडक भाकऱ्या शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ल्या, कारण रागात मला भूक फार लागते.

मला वाचवलं ते मशीनच्या मिस्त्रीनं. पिकलेली दाढी, खिशात तेलाची कुपी आणि बारीक ब्रश. कचेऱ्याकचेऱ्यांतली मशीनं दुरुस्त करत फिरायचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी माझी धडपड थोडा वेळ उभं राहून बघितली आणि म्हणाले, "बेटी, मुँह से बोलते वैसा नक्को मारो. आँख को दिखता वैसा मारो." मला कळेना. तेव्हा त्यांनी 'किती' लिहून दाखवलं. आपण म्हणताना आधी 'क' म्हणतो आणि मग त्याला वेलांटी देतो. पण कागदावर पहिली वेलांटी आधी येते, अक्षर तिच्या पोटात मागून येतं. मशीनला बोलणं कळत नाही, त्याला फक्त डावीकडून उजवीकडे कळतं. म्हणून आधी वेलांटी, मग अक्षर. इतकी वर्षं मराठी लिहिणारी मी, पण मराठी अक्षराकडे असं कधी बघितलंच नव्हतं.

दुसरी गंमत कान्याची. त्या मशीनवर ख, ग, घ, भ, श अशी काठीची अक्षरं अर्धीच असायची. अर्धं अक्षर मारायचं आणि मग काना मारून त्याची काठी पुरी करायची. म्हणजे नुसता 'ख' हवा तर एक काना, आणि 'खा' हवा तर दोन. चाचा दर खेपेला जाताना दारातून बजावायचे, "काना नक्को भूलो, बेटी." मी म्हणायची, "हौ चाचा." त्यांनी मला महिनाभर शिकवलं, ते मशीन पुसायच्या निमित्तानं यायचे. मला लळा लागला त्या मशीनचा. 'ळ'च्या बटणावर बोट पडलं की मला उगाच बरं वाटायचं. आप्पलपोट्या इंग्रजीत एक तरी 'ळ' आहे का? मिलचा दुपारचा भोंगा व्हायच्या आत मी पंधरा कागद काढायला लागले. अण्णा मात्र त्या मशीनकडे पाठ करूनच बसायचे. मराठी ही घरी भाजी कशी झाली ते विचारायची भाषा, असं त्यांचं मत, आणि त्यांच्या घरी तर तेही तेलुगूत विचारायचे.

त्याच सुमाराला आमच्या साहेबांनी एक बैठक बोलावली. साहेब पुण्याकडचे, सभ्य, बोलणं अगदी छापल्यासारखं. कचेरीतली काही खाती या अधिकाऱ्याकडून काढून त्या अधिकाऱ्याकडे द्यायची होती. विषय साधा, खातेवाटप. संबंधितांनी सोमवारी सकाळी अकरा वाजता आपली मागणी लेखी घेऊन हजर राहावं, आणि माहितीसाठी एकेक प्रत सगळ्या तालुक्यांना जावी. परिपत्रकाच्या बऱ्याच प्रती लागणार होत्या, म्हणून ते स्टेन्सिलवर मारायचं होतं. स्टेन्सिल म्हणजे मेणाचा निळा कागद. मशीनची शाईची फीत बाजूला करून नुसत्या अक्षरांनी तो कापायचा, आणि मग शाईच्या रूळाखाली घालून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. फीत नसल्यामुळे आपण काय मारलं ते धड दिसत नाही. चाचांचं सूत्र 'आँख को दिखता वैसा', आणि इथे डोळ्याला काही दिसतच नव्हतं. मी हातावर विसंबून मारलं. अण्णांनी तपासलं, म्हणजे प्रत लांब धरली, कोपऱ्यात बारीक सही केली आणि शिपाईमामांकडे दिली. संध्याकाळच्या टपालात सगळ्या प्रती गेल्या, आणि मी फार खूश होऊन घरी गेले.

तो सोमवार मला घड्याळासकट आठवतो. साडेनऊला मी कचेरीच्या फाटकाशी आले तर आत जायला वाट नव्हती. आवारात बैलगाड्या सोडलेल्या, एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आडवा, रस्त्यावर एक ट्रक, आणि फेट्यांचं आणि टोप्यांचं नुसतं रान माजलेलं. श्रीपूरकडचे ऊसवाले एका झाडाखाली, आमच्या अक्कलकोट भागातले कानडीत गलका करत दुसऱ्या झाडाखाली. मला वाटलं मोर्चा आहे. तेवढ्यात त्या दुसऱ्या झाडाखालून अप्पा उठून आले. धुतलेलं धोतर, नवा फेटा. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली, कारण अप्पा शेत सोडून सहसा कुठे जात नसत.

आम्ही घरच्यासारखं कानडीतच बोललो. "तुम्ही इथे कसे?" मी विचारलं.

"खतासाठी," अप्पा म्हणाले. "तुमच्या कचेरीचा कागद आला. गावात दवंडी झाली. पंचांनी मलाच पाठवलं, तुझी मुलगी तिथेच आहे म्हणाले." बोलताना त्यांची मान जरा ताठ झाली होती. मग आवाज खाली करून म्हणाले, "आणि संध्याकाळच्या गाडीनं तुलाही घेऊन जायचंय. गुरुवारी दुकानवाले बघायला येणार आहेत."

"दिवाळीला अजून दीड महिना आहे," मी म्हणाले. "मुदत दिवाळीची होती."

"पक्कं झालं आहे का अजून? नाही ना. मग दीड महिन्यानं काय उजेड पडणार?"

मला संताप आला. पण त्या संतापाच्याही आधी डोक्यात दुसरंच टोचायला लागलं. खत? आमची कचेरी कधी खत वाटत नव्हती. मी अप्पांना तिथेच सोडून आत धावले. व्हरांड्यात एक म्हातारा शेतकरी आमचंच परिपत्रक डोळ्यांजवळ धरून शेजारच्याला समजावत होता. "नुसतं खतवाटप असतं तर येक युरिया म्हनलो असतो. हितं खतेवाटप ल्हिवलंय. खते. म्हंजी दोन-तीन जातीची असनार की." शेजाऱ्याला ते पूर्ण पटलं.

मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. विषय : खतेवाटप. खाली पुन्हा, खतेवाटपाचा निर्णय सोमवारी होईल, संबंधितांनी आपली मागणी लेखी घेऊन हजर राहावे. दोन्हीकडे 'ख'ला काठी होती आणि पुढचा काना नव्हता. एका बटणाचा एक ठोका. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, ज्वारीची पेरणी डोक्यावर आली होती आणि खत कुठे औषधाला मिळत नव्हतं. अशा वेळी तालुक्याच्या कारकुनांनी 'खतेवाटप' वाचलं आणि एरवी महिना महिना कागद दाबून बसणाऱ्या त्या माणसांनी एका दिवसात गावोगाव दवंडी पिटवली.

साहेबांनी आम्हाला बोलावलं. मी, अण्णा, आणि टेबलावर तो कागद. साहेब ओरडले नाहीत, त्यानं जास्त वाईट वाटलं.

"बाई, हे आपण मारलंत?"

"हो."

"आणि तपासलं कुणी?"

अण्णांची सही कोपऱ्यात होती, पण इतकी बारीक की त्यांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. तात्पुरत्या टायपिस्टवर सगळं ढकलून ते मोकळे झाले असते. अण्णांनी चष्मा पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबांशी मराठीत बोलले. "साहेब, सही माझी हाय. मी कागद बघितला, पन वाचला नाही." त्या दिवसापासून मी अण्णांबद्दल वाकडा शब्द कुणाचा ऐकून घेतला नाही.

साहेब बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. गलका थांबला. साहेबांनी घसा साफ केला. "मंडळी, टंकलेखनातील अनवधानामुळे आपणा सर्वांचा गैरसमज झालेला आहे."

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मागून एकजण शांतपणे म्हणाला, "टंकलेखन ऱ्हाऊ द्या साहेब. खत कुटं हाय?"

साहेबांनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तसलेच दोन शब्द वापरले. मला ते सहन होईना. चूक माझी आणि हा भला माणूस शब्दांत अडकून पडलेला. मी पुढे झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "खत नाही. इथे खत कधी नव्हतंच. खातेवाटप लिहायचं होतं, माझा एक काना राहिला."

पहिल्या रांगेत अप्पा होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खाली आपल्या वहाणांकडे. गावानं त्यांना मुलीच्या भरवशावर पाठवलं होतं, आणि मुलीनं सगळ्यांदेखत हे सांगितलं होतं. मला तेव्हा नोकरीचं काही वाटेना, लग्नाचंही वाटेना, फक्त त्यांनी मान वर करावी असं वाटत होतं.

"म्हंजी येका कान्यापाय मी मोडनिंबास्नं ट्रक घिऊन आलो व्हय?" ट्रकवाला म्हणाला. तो रागानं म्हणाला नाही, खरंच हिशोब लावत असल्यासारखा म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं. मग त्याच्या शेजारचा. मग झाडाखालचे. पण पुढची माणसं हसत नव्हती आणि साहेबांना घाम आला होता.

तेव्हा अप्पा बोलले. मराठीत बोलले. "साहेब, माझ्या पोरीनं येक काना खाल्ला, ते तिनं कबूल केलं. आता खत कुनी खाल्लं त्ये तुमी सांगा की."

मग जो हशा झाला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. साहेबही हसले. हसल्यावर ते एकदम सरळ बोलायला लागले, छापल्यासारखं नाही. म्हणाले, खत कुणी खाल्लेलं नाही, ते वरून सुटलेलंच नाही. कुठल्या गावाला किती हवं याच्या याद्या तालुक्यांकडून यायला हव्यात, त्याशिवाय वरचे लोक ऐकत नाहीत. शेतीखात्याचे अधिकारी आजच्या बैठकीला आलेत, इथे माझ्या शेजारीच उभे आहेत, तीन महिने तालुक्यांना पत्रं लिहून थकले, एक यादी आली नाही.

"याद्या?" तो म्हातारा शेतकरी म्हणाला. "आवो, याद्या तर आमी संगं आनल्यात." त्यानं परिपत्रक उलटं करून दाखवलं. मागणी लेखी आणावी असं त्यात लिहिलंच होतं, आणि ते वाक्य मी अगदी बिनचूक मारलं होतं. फेट्यांतून, टोप्यांतून, बंडीच्या खिशांतून कागद निघायला लागले. शाळामास्तरांच्या अक्षरातले, पंचांच्या सह्यांचे, काही कानडीतसुद्धा. तीन महिन्यांत जे जमलं नाही ते एका कान्यानं व्हरांड्यात आणून ठेवलं होतं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, मशीन बाहेर घ्या."

शिपाईमामांनी टेबल व्हरांड्यात आणलं, अण्णांनी मशीन स्वतः उचलून आणलं. ज्या मशीनकडे ते पाठ करून बसायचे त्याला त्यांनी छातीशी धरलं होतं. मी बसले. एका बाजूला अण्णा मराठी याद्या वाचून देत होते, दुसऱ्या बाजूला अप्पा कानडी याद्यांचं मराठी करून सांगत होते, आणि समोर कठड्यावर कोपरं टेकून दोन-अडीचशे माणसं माझी बोटं बघत होती. 'खत' शब्द आला की ट्रकवाला म्हणायचा, "आता येकच काना बरं का." आणि मी एकच मारायची. थोड्या वेळानं सगळेच म्हणायला लागले. 'ख' आला की आवारभर "येकच" असा आवाज व्हायचा आणि मशीन थटथट पुढे जायचं. त्या दिवशी माझा वेग किती होता कुणास ठाऊक. इतकं आनंदानं मी त्याआधी कधी काम केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसं केलं नाही. मिलचा भोंगा झाला तो मला ऐकूच आला नाही. कुणाच्या तरी शिदोरीतल्या भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला गेला, तो मी मारता मारता खाल्ला.

तीनच्या सुमाराला शेवटचा कागद निघाला. साहेबांनी उभ्या उभ्या सह्या केल्या आणि त्या खात्याचा माणूस तेच बाड घेऊन पुण्याच्या गाडीला गेला. पंधरा दिवसांनी खत आलं. मागितलं त्याच्या निम्मं आलं, पण पेरणीच्या आत आलं. मला मेमोही मिळाला, तो चुकणार नव्हता. कचेरीत मराठी टायपिस्ट मी एकटीच, म्हणून तो मलाच टाइप करावा लागला. त्यात एकही चूक नव्हती, असा शेरा साहेबांनी त्यावर मारला. दिवाळीच्या आधी मी परीक्षेला बसले, पास झाले, कायम झाले आणि त्या खुर्चीतूनच केस पांढरे करून उठले.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. माणसं गाड्या जुंपत होती आणि अप्पा व्हरांड्याच्या पायरीवर पान लावत बसले होते. मी आत जाऊन माझी पिशवी घेतली. बापानं सगळ्यांपुढे माझी बाजू घेतली होती, आता त्याच्याशी भांडायचं तोंड मला उरलं नव्हतं. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि कानडीत म्हणाले, "मावशीकडून कपडे घ्यावे लागतील."

अप्पा अण्णांकडे वळले आणि पुन्हा मराठीत, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "हिचं लगीन ठरीवत होतो जी. पन लग्नाला बोलावनं धाडलं असतं तर यवढी मानसं आली न्हसती. हिनं नुसता येक कागद धाडला तर तालुकं उटून आलं."

अण्णा म्हणाले, "आणि तोपण चुकीचा."

अप्पा पहिल्यांदा हसले.

मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले. त्यांनी येतानाच परतीची दोन तिकिटं काढून ठेवली होती. ती त्यांनी बंडीच्या खिशातून काढली, एक वेगळं केलं आणि माझ्या हातात दिलं. मला वाटलं, बस म्हणतायत. मी डब्याच्या दांड्याला हात घातला, तर त्यांनी माझा हात सोडवला.

"ते परत कर आणि पैसे ठेव तुझ्याजवळ," म्हणाले. आता आम्ही पुन्हा कानडीत होतो.

ते आत जाऊन खिडकीशी बसले. मी खिडकीजवळ जाऊन विचारलं, "गुरुवारी ती माणसं येणार. त्यांना काय सांगणार तुम्ही?"

अप्पांनी पान तोंडात घातलं, चुना बोटाला लावला आणि विचार केला. दुधनीपासून सोलापूरपर्यंत मुलीच्या लग्नाचं कुणी कुणाला असं उत्तर दिलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"सांगतो, मुलगी कामात आहे. सवड झाली म्हणजे काय ते तीच कळवील."